साळोखे उस्तादांची खंडेनवमी

मला गाडी चालवायला दिनकर साळोख्यांनी शिकवलं. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते, आणि माझ्याने हे होणार नाही असं घरात सगळ्यांचं, मी धरून, ठरलेलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर माझ्या प्रत्येक चुकीला "मॅडम, रिलॅक्स" म्हणायचा आणि स्वतः दाराचं हँडल घट्ट धरून बसायचा. दिनकररावांनी पहिल्या दिवशी मला गाडीत बसूच दिलं नाही. बोनेट उघडलं आणि म्हणाले, "आधी बघा की वहिनी. ही कुठून खाते, कुठून श्वास घेते. न बघता चालवायला गेलं की माणूस नुसतं घाबरतं."

तीन आठवड्यांनी मी नोएडा लिंक रोडवरून गाडी घेऊन एकटीने घरी आले. म्हणजे ते शेजारी होते, पण डोळे मिटून बसले होते. झोप लागली होती की मुद्दाम मिटले होते, ते मी कधी विचारलं नाही.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी, २००७ साली, आमची डिझेलची गाडी आली. माझे यजमान अविनाश केंद्र सरकारच्या नोकरीत. ज्यांच्या वडिलांनी जन्मभर स्कूटरला किक मारली, त्या सगळ्यांच्या दारात त्या काळात कोरियाच्या नाहीतर जपानच्या गाड्या उभ्या राहत होत्या. आमच्या पलीकडे वैशाली, इंदिरापुरम, नुसते टॉवरवर टॉवर चढत होते. बँकेची माणसं कर्ज द्यायला घरी येऊन सोफ्यावर बसायची.

सोसायटीतली आणि आसपासची आम्ही सात-आठ मराठी घरं गुरुवारी दत्ताच्या आरतीला एकाकडे जमायचो. तिथे कुसुमावती साळोखे यायच्या आणि त्यांच्या मागे, दारातच चपलांपाशी, दिनकरराव उभे राहायचे. आरतीचं ताट धरायला ते कधी पुढे यायचे नाहीत. साबणाने, मातीने, रॉकेलने कितीही हात धुतले तरी त्यांच्या नखांच्या कडेला काळी रेघ राहायची. कुसुमावती सगळ्यांसमोर म्हणायच्या, "घ्या हो ताट. देवाला ऑइल चालतं." ते हसायचे आणि आणखी अर्धं पाऊल मागे सरकायचे.

ते मूळचे कागलजवळच्या एका खेड्यातले. अठराव्या वर्षी फौजेत गेले, ट्रक, रणगाडे दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. सिकंदराबाद, पठाणकोट, लेह, शेवटी मेरठ. हवालदार म्हणून चोवीस वर्षांनी बाहेर पडले ते १९९४ साली. तेव्हा दिल्लीत नव्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या आणि हात कमी पडत होते. न्यू अशोकनगरच्या रस्त्यावर बग्गा नावाच्या पंजाबी गृहस्थांचं पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज होतं. दिनकरराव तिथे सहा महिन्यांसाठी म्हणून गेले ते सोळा वर्षं राहिले. जुन्या डिझेल इंजिनाचं दुखणं ते कानाने ओळखायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचे, "तीन नंबरचा नोझल." उघडल्यावर तीन नंबरचाच निघायचा. गॅरेजात त्यांना सगळे उस्ताद म्हणत.

मग कंप्यूटरवाल्या डिझेल गाड्या आल्या. त्यांना कान लावून काही कळत नाही. दिनकररावांनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. त्यांनी वीज मोजायचा एक चांगला मीटर घेतला आणि कुठून तरी इंग्रजी मॅन्युअलच्या झेरॉक्स मिळवल्या. गुरुवारी आरती झाली की ते कागद घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसायचे. ते मराठी शाळेतले, मीही मराठी शाळेतली. मध्ये डिक्शनरी ठेवून आम्ही एकेक ओळ लावायचो. आमची शिवांगी, सहावी-सातवीतली, येता-जाता म्हणायची, "आई, तुम्ही दोघं एक्झाम देणार आहात का?" त्या वर्षभरात मला डिझेल गाडीबद्दल जेवढं कळलं तेवढं आमच्या अख्ख्या सोसायटीत कोणाला कळत नसेल.

२०१०च्या पावसाळ्यानंतर बग्गांनी इंदिरापुरमला मोठं वर्कशॉप घेतलं. बारा गाड्या उभ्या राहतील एवढं, खाली टाइल्स, बसायला एसी खोली. न्यू अशोकनगरची शेड दिवाळीपर्यंत सोडायची होती. तिकडे उस्ताद म्हणून कोण जाणार, हे ठरायचं होतं. बग्गांच्या जावयाने विक्रांत नावाचा एक मुलगा आणला होता. पानिपतचा, चोवीस वर्षांचा, कंपनीचा कोर्स केलेला, हातात गाडीच्या कंप्यूटरला जोडायचा स्कॅनर. मुलगा वाईट नव्हता. दिनकररावांना 'अंकल जी' म्हणायचा आणि चहा आधी त्यांच्यापुढे करायचा.

बग्गांनी दिनकररावांना सरळच सांगितलं होतं. दसऱ्यानंतर ठरवतो. नवीन डिझेल जमत असेल तर तुम्ही चला, नाहीतर तुमचं वय झालं, गावी जाऊन आराम करा.

त्या गुरुवारी ते आमच्याकडून प्रसाद घेऊन निघाले, दारात थांबले आणि म्हणाले, "गावाला जाऊन करायचं काय, वहिनी? शेत भावाकडं. गावात ट्रॅक्टर पाच, ते बघायला कंपनीची माणसं येतात. मी पारावर बसून कुणाची वाट बघू?"

कुसुमावती पायरीवरून म्हणाल्या, "माझी बघा की. सोळा वर्षं मी बघतेय." हसल्या, पण त्या आठवड्यात त्यांनी गाद्यांच्या खोळी धुऊन, घड्या घालून पेटीत ठेवल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "असू दे, तयारी असलेली बरी."

आता आमच्या गाडीचं सांगते. ऑगस्टपासून तिने एक खोड धरली होती. अर्धा-पाऊण तास नीट चालायची, मग गरम झाली की चालता चालता बंद पडायची. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू. एका ठिकाणी दोनदा फिल्टर बदलून झाला. शेवटी दिनकरराव एका दुपारी माझ्याबरोबर बसून हिंडले, ती बंद पडेपर्यंत. अक्षरधामच्या फ्लायओव्हरखाली पडली. त्यांनी बोनेट उघडलं, माझी पाण्याची बाटली मागून घेतली, आणि खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी एका ठरावीक जागी अर्धी बाटली ओतली. "मारा आता सेल्फ." एका झटक्यात सुरू झाली.

"क्रँक सेन्सर," ते म्हणाले. "तापला की मरतो."

हा सेन्सर म्हणजे बोटाएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा असतो. इंजिनाबरोबर एक दातेरी चाक फिरतं, त्याचे दात मोजत हा कंप्यूटरला सांगत राहतो की इंजिन फिरतंय आणि आता इथे आहे. याने सांगणं बंद केलं की कंप्यूटर डिझेल सोडतच नाही. दुसरं सगळं ठीकठाक असलं तरी गाडी उभी.

अविनाश त्या दिवसांत राष्ट्रकुल खेळांच्या ड्यूटीवर होते. खेळ गुरुवारी संपले. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी कश्मीरी गेटहून नवा सेन्सर आणला आणि जेवून जे झोपले ते शनिवारी उशिरापर्यंत. शनिवारी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. दिल्लीत आमच्या शेजाऱ्यांना याचं नवल वाटतं. बग्गांच्या गॅरेजात पाने-हातोड्यांची पूजा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होते, विश्वकर्म्याची. मी पाटावर विळी, कात्री, अविनाशचं पेन, शिवांगीची कंपासपेटी मांडली, आणि त्यात तो सेन्सरही ठेवला. शिवांगी म्हणाली, "आई, हा तर स्पेअर पार्ट आहे यार, हत्यार थोडंच आहे?" मी म्हटलं, "आपल्याला घरी आणतो ना सुखरूप? मग झालं." पिशवीची पूजा कशी करणार, म्हणून मी तो पिशवीतून बाहेर काढला, ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. मग तसाच परत पिशवीत घातला. नव्या भागाला तेलाचा हलका हात होता आणि त्याच्या रबरी कड्याला ग्रीस होतं, हे मला बोटांना लागलं होतं. त्याचा पुढे काही विचार मी केला नाही.

साडेनऊला मी स्वतः गाडी घेऊन गॅरेजात गेले. बग्गा खुर्ची टाकून बसले होते. शेजारी विक्रांत. मला बघून उठले. "आइए भाभी जी. यही गाड़ी आती है अब इंदिरापुरम में, घर-घर में. आज उस्ताद करेंगे, मैं देखूँगा." दिनकररावांकडे बघून म्हणाले, "क्यों साळोखे जी? आज ही फ़ैसला कर लेते हैं."

"कर लो जी," दिनकरराव म्हणाले.

त्यांनी पिशवी उघडली. कुंकू दिसलं. क्षणभर थांबले, सेन्सर कपाळाला लावला आणि तसाच घेऊन गाडीखाली सरकले. काम सोपं होतं. एक बोल्ट, आणि तार जोडायचा एक कपलर. ती जागा खालून नीट दिसत नाही, बोटांनी चाचपूनच बसवावं लागतं. पंधरा मिनिटांत बाहेर आले. "मारा सेल्फ, वहिनी."

मी किल्ली फिरवली. इंजिन घरघर फिरलं, पकडलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला. "थांबा, बॅटरी मारू नका."

गाडी आत्ता मी चालवत आणली होती. तापल्यावर मरायची, पण गार असताना कधी नाही म्हणाली नव्हती. आता गारही सुरू होत नव्हती.

बग्गांनी विक्रांतकडे मान वळवली. विक्रांतने स्कॅनर जोडला, मला सेल्फ मारायला सांगितलं आणि स्क्रीन सगळ्यांना दाखवली. "इंजन घूम रहा है, पर कंप्यूटर को ज़ीरो दिख रहा है. क्रँक सेन्सर का सिग्नल नहीं. सेन्सर तो नया है." खांदे उडवले. "मतलब कंप्यूटर गया. पुराने सेन्सर ने ले डाला होगा."

"कितने का?" बग्गांनी विचारलं.

"चालीस के आसपास."

चाळीस हजार. मी स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"आधा घंटा दो, बग्गा जी," दिनकरराव म्हणाले.

बग्गांनी घड्याळ बघितलं. "आधा घंटा. फिर विक्रांत जो कहेगा वो होगा. यहाँ भी, और वहाँ भी."

दिनकररावांनी खिशातली लांबट वही काढली. त्यांची एक पद्धत होती, फौजेतली. आधी बघायचं, मग मोजायचं, लिहायचं, आणि त्यानंतरच पाना लावायचा. पाना लावला की जे जसं होतं ते तसं राहत नाही, मग कारण कधीच सापडत नाही, असं ते म्हणायचे. विक्रांत म्हणाला, "अंकल जी, पुराना वाला वापस डाल के देख लो ना." ते म्हणाले, "डालूँगा. पर अभी नहीं."

डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबून बघितला. कडक होता, म्हणजे डिझेल येत होतं, हवा शिरलेली नव्हती. लिहिलं. कपलर टक्क बसलेला होता. लिहिलं. कपलर काढून मीटरच्या दोन सुया सेन्सरच्या टोकांना लावल्या. आकडा झेरॉक्समध्ये दिला होता त्याच्या घरातलाच आला. म्हणजे सेन्सर नकली नव्हता, तुटलेलाही नव्हता. तिथून कंप्यूटरपर्यंतच्या तारा तपासल्या. त्याही धड.

"तो फिर कंप्यूटर ही बचा ना, अंकल जी," विक्रांत म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. बग्गांचा फोन वाजला, ते बोलत रस्त्याच्या बाजूला गेले, आणि विक्रांतही मागोमाग चहा सांगायला गेला.

दिनकरराव थोडा वेळ वहीकडे बघत उभे राहिले. ओठ हलत होते. नाव घेत होते की आकडे, कळलं नाही. मीही मनातल्या मनात श्रीगुरुदेव दत्त म्हणत होते. मला गाडीची काळजी होती, पण त्याहून जास्त त्या पेटीत ठेवलेल्या खोळींची होती.

"वहिनी, त्या टॅक्सीत बसता का जरा?"

कोपऱ्यात एक टॅक्सी उभी होती, आमच्याच इंजिनाची. ती धड होती, फक्त दार ठोकायला आली होती. त्यांनी तिच्या सेन्सरचा कपलर काढला, मीटर लावला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरताना सेन्सर स्वतःच थोडीशी वीज तयार करतो, ती मोजायची होती. आकडा लिहिला. मग मला आमच्या गाडीत बसवलं आणि तेच केलं. मीटर बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"काय आलं?" मी विचारलं.

"पाचवा हिस्सा. बोलतोय, वहिनी. पण लांबून बोलतोय. कंप्यूटरला ऐकूच जात नाही."

मला झेरॉक्सचा तो कागद आठवला. आम्ही दोघांनी त्यावर एक आख्खा गुरुवार घालवला होता. चाकाचे दात आणि सेन्सरचं टोक यांत फटीचं माप एक मिलिमीटरच्या आसपास. तेवढीच. जास्त झाली की सेन्सरला दात जाणवत नाहीत.

"गॅप?"

"गॅप," ते म्हणाले. "पण एकाच बोल्टवर बसतो तो. गॅप वाढंल कशी?"

त्यांनी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. आडवे झाले, बोल्ट काढला, आणि सेन्सर फिरवू न देता, अंड्यासारखा दोन बोटांनी धरून सरळ बाहेर ओढला. उजेडात आणून उलटा केला. जो चपटा कान धातूवर टेकतो, त्याच्या खालच्या अंगाला ग्रीसमध्ये लाल, चेपलेलं काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी नखाने ते वर्तमानपत्रावर काढलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकू लागलेला. तेवढ्या जाडीनेच सेन्सर दातांपासून लांब राहिला होता.

"दिनकरराव, ही माझी अक्षता."

"दिसतंय की."

"बग्गांना सांगा, गिऱ्हाइकाने चूक केली म्हणून. मी सांगते, थांबा."

"तुम्ही पूजा केली, ती करायचीच होती." ते उठून बसले. "बसवायच्या आधी पार्ट आणि जागा पुसायची. फौजेत पहिल्या महिन्यात शिकवतात. दुसरा कुणी असता तर चिंधी मारून मोकळा झाला असता. मी कुंकू बघितलं आणि माझा हात धजला नाही."

मग त्यांनी सेन्सर माझ्यापुढे धरला. "पुसू ना, वहिनी?"

आजच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसायला ते माझी परवानगी मागत होते. मी हात जोडले. "पुसा."

त्यांनी स्वच्छ चिंधीने सेन्सर पुसला, ती चिंधी बाजूला घडी करून ठेवली, खाली न टाकता. जागा पेट्रोलने धुतली, बोट फिरवून बघितली, सेन्सर बसवला. मी किल्ली फिरवली आणि गाडी दुसऱ्या फेऱ्यालाच सुरू झाली.

आवाज ऐकून बग्गा आणि विक्रांत दोघेही आले. विक्रांत चहाचे ग्लास घेऊनच पळत आला आणि खरोखर आनंदाने म्हणाला, "चल गई! कपलर ढीला था ना, अंकल जी? मुझे लग ही रहा था."

एवढंच होतं. दिनकररावांनी नुसती मान हलवायची होती. कपलर कोणाचाही ढिला राहतो, त्यात काही कमीपणा नाही. मला तर वाटलं, देवानेच त्या मुलाच्या तोंडून वाट काढून दिली. मी दिनकररावांकडे बघत होते. ते चहाच्या ग्लासाकडे बघत होते.

"कपलर ठीक था," ते म्हणाले. वाकून वर्तमानपत्र उचललं आणि बग्गांपुढे धरलं. "सेन्सर के नीचे ये था. पूजा का चावल. मैंने बिना पोंछे लगा दिया. ग़लती मेरी."

बग्गांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वर्तमानपत्र डोळ्यांजवळ आणलं.

"चावल," ते म्हणाले.

"चावल?" विक्रांत म्हणाला. "अंकल जी, गाड़ी को भूख लगी थी क्या?" आणि हसायला लागला. मग बग्गांचा चेहरा बघून थांबला.

"सोलह साल से तू मेरे पास है," बग्गा दिनकररावांना म्हणाले. एरवी ते त्यांना 'जी' लावायचे. "इंदिरापुरम में कस्टमर काँच के पीछे बैठ के देखेगा. उसको मैं क्या बोलूँगा, चावल आ गया था?"

मी गाडीतून उतरले. "भाई साहब, चावल मैंने लगाया था. हमारे यहाँ आज पूजा होती है."

"भाभी जी, आप सौ बार लगाओ. आपका काम है लगाना. पोंछना इसका काम था." दिनकररावही मला हेच म्हणाले होते. बग्गांनी ते वर्तमानपत्र दुमडलं, हातात घेतलं आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

मी गाडी घेऊन निघाले. दिनकरराव फाटकापर्यंत आले. "तापवून बघा," म्हणाले. "एक तास फिरवा. बंद पडली तर फोन करा." मी तास-सव्वा तास गाडी फिरवली, नोएडापर्यंत जाऊन आले. एकदाही बंद पडली नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. दिल्लीत आपट्याची पानं मिळत नाहीत, आम्ही कचनारची घेतो, दिसायला भाऊबंदच. संध्याकाळी साळोखे दोघं सोनं द्यायला आले. कुसुमावतींनी मला पानं दिली, हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "आता सोन्यासारखंच राहा हो ताई. आम्ही लांब गेलो तरी." त्यांच्या लेखी ठरून गेलं होतं.

"अजून कुठं गेलोय?" दिनकरराव म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून ते उभे राहिले. फौजेतली सवय, वरच्या माणसाचा फोन ते बसून घेत नसत.

"जी. जी, बग्गा जी. आपको भी." बराच वेळ नुसतं ऐकणं. अविनाशने टीव्हीचा आवाज बंद केला. "नहीं जी, स्कॅनर वही चलाए, वो अच्छा चलाता है. मैं उससे सीख लूँगा. … हाँ जी. … जी, पोंछ के." त्यांचे कान लाल झाले. "जी, हमेशा पोंछ के."

फोन ठेवला आणि खाली बसले.

"काय म्हणाले?" कुसुमावतींनी विचारलं.

"उद्या इंदिरापुरम. नऊ वाजता."

मग त्यांनीच पुढे सांगितलं. "म्हणाला, रात्रभर विचार केला. कंप्यूटर मागवला असता, बसवला असता, गाडी तरी उभीच. मग विक्रांतला विचारलं, तेव्हा काय केलं असतंस? तो पोरगा खरं बोलला. म्हणाला, सेन्सर नवा होता, मी तो उघडलाच नसता. मग बग्गा मला म्हणाला, तू कपलर ढिला होता म्हणाला असतास तर मी विक्रांतलाच नेणार होतो. ढिला कपलर कोणीपण लावतो. म्हणे, तांदूळ शोधणारा दुसरा कुठून आणू? आता कुठलाही महागडा पार्ट मागवायचा तर आधी माझ्या वहीत लिहिलेलं दाखवायचं." थांबून, जरा ओशाळून म्हणाले, "आणि मला आता तो चावल उस्ताद म्हणणार. वर्कशॉपात सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे."

शिवांगी टाळ्या पिटून हसली. "चावल उस्ताद! बिल्कुल परफेक्ट आहे!"

"हस, हस," दिनकरराव म्हणाले. "शाळेच्या बसचं इंजिन बिघडलं की माझ्याकडंच यायचंय."

कुसुमावती हसल्या नाहीत. त्या हिशेब करत होत्या. इंदिरापुरम केवढं लांब, बस किती बदलायच्या. मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे दुपारचं जेवायला घरी येता येणार नाही."

"कसं येणार?"

"मग डबा लागेल. दोन पुडांचा नाही चालायचा, तुम्हाला भाकरी लागते, भाजी लागते, ताक लागतं. तीन पुडांचा लागेल." त्या उठल्या, पदर खोचला. "ताई, त्रिलोकपुरीच्या बाजारात भांड्यांची दुकानं आज उघडी असतील का?"

मी घड्याळ बघितलं. साडेसात वाजत होते. मी गाडीची किल्ली घेतली.